वळखीचं मानूस

साळवे पाळकसाहेबांना मी पाठीमागूनच जास्त पाहिलं. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटीची जागा व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, थोडी मागे आहे. तिथं बसलं की मंडळीचे चेहरे दिसतात आणि पाळकांची पाठ. शाळेतली नोकरी सांभाळून मी कैक वर्षं त्या पेटीवर बसले, त्यामुळे पाळक आले-गेले ते मी पाठीवरूनच ओळखायला शिकले. कुणाचा सदरा गीत संपायच्या आत भिजायचा, कुणी हात मागे बांधून बोटं मोडत बसायचे. साळवे पाळकसाहेब उपदेश करता करता डाव्या चपलेतून टाच बाहेर काढायचे. टाच वर आली की मी समजायचे, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

बुटका माणूस. रंग रापलेला, केस तेल लावून मागे बसवलेले, आणि आवाज मात्र खणखणीत. बोलणं शाळामास्तरासारखं शुद्ध, पण राग आला की शुद्ध मराठी वाऱ्यावर जायची आणि नातेपुत्याकडची मूळ भाषा बाहेर यायची. 'नाही'चं 'न्हाय' झालं की पुढच्या बाकावरची माणसं सावरून बसायची.

त्यांची एक सवय मला तरी फार जाचायची. नाव विचारायची. कुणाबद्दलही 'एक बाई आली होती' म्हटलं, की त्यांचं ठरलेलं: "एक बाई म्हणजे कोण? नाव काय?" माहीत नाही म्हटलं तर चेहरा असा करायचे, की जणू आपण त्या बाईला दारातून हाकलून दिलं. रिक्षावाल्याला नाव विचारणार, भाजीवालीला विचारणार. बरं, एकदा विचारून भागायचं नाही. पहिल्यांदा माणूस काहीतरी पुटपुटतो, म्हणून दुसऱ्यांदा विचारायचे, आणि मग ते नाव स्वतः मोठ्यानं उच्चारून बघायचे. पाळकीणबाई कपाळाला हात लावायच्या. "कुमुदबाई," मला म्हणायच्या, "ह्यांना सगळ्या सोलापूरची नावं पाठ आहेत, आणि घरातला गॅस संपलाय हे तीन वेळा सांगावं लागतं."

ही सवय कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सहज, आमच्या ओट्यावर शेंगा सोलताना. त्यांचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम विचारायचा, किती कोयते आले? इतके कोयते आले. "माझी आई आणि माझा बाप मिळून एक कोयता," ते म्हणाले. "आई तापानं फणफणली तेव्हा मुकादम काय म्हणाला, तर आज एक कोयता बसून आहे. माझ्या आईचं नाव सरूबाई होतं, कुमुदबाई. त्या फडात ते कुणालाही ठाऊक नव्हतं." एवढं बोलून त्यांनी शेंगांची टरफलं गोळा करून नीट कागदावर ठेवली आणि उठून गेले.

उपदेशात त्यांचा सगळा ओढा जुन्या करारातल्या संदेष्ट्यांकडे. मंडळीला आवडतात ते दाखले, चमत्कार, समाधानाची वचनं. हे आपले आमोस, होशेय, यिर्मया काढून बसायचे. सेमिनरीत ते थोडी हिब्रू शिकले होते, आणि त्या सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांनी जन्मभर पुरवून वापरला. 'यादा'. म्हणजे जाणणं, ओळखणं. पहिल्यांदा त्यांनी तो व्यासपीठावरून उच्चारला, त्या दिवशी उपासनेनंतर सुंदराबाई माझ्याजवळ आली. ती टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची, अक्षरओळख नव्हती, पण एक रविवार चुकवायची नाही. म्हणाली, "बाई, पाळकसायेब सारकं यादी यादी म्हनत हुते. यादीत नाव घालायला आधार कार्ड लागंल का?" मी हे त्यांना सांगितल्यावर ते ठसका लागेपर्यंत हसले, आणि पुढच्या रविवारी तिची परवानगी काढून मंडळीलाही सांगितलं.

मग समजावलं. "आपल्या सोलापुरात ओळख म्हणजे काय? दवाखान्यात खाट मिळंना, कॉलेजात प्रवेश मिळंना, की आपण विचारतो, कुणी ओळखीचं आहे का? साहेबाशी ओळख म्हणजे साहेब आपलं काम करणार. देवाशीसुद्धा आपली ओळख तसलीच. संदेष्टे उलटं सांगतात. देवाशी ओळख झाली म्हणजे त्याचं काम तुमच्या गळ्यात पडलं."

हिब्रूत नवरा-बायकोच्या संबंधालाही हाच शब्द आहे, हे त्यांनी सांगितलं तेव्हा बायका पदराआड हसल्या आणि पुरुषांच्या बाजूला खोकल्याची साथ आली. ते थांबले नाहीत. म्हणाले, एका छपराखाली राहून, भांडून, एकमेकांचं दुखणंखुपणं काढून जे कळतं, ते ओळखणं. होशेयाची बायको त्याला सोडून गेली, तेव्हा त्याला देवाचं दुःख कळलं. आणि त्याच्या देशात देवाची ओळख उरली नव्हती. "म्हणजे देवळं ओस पडली होती का? न्हाय! देवळं गच्च भरलेली होती. यज्ञ चालू होते, गाणी चालू होती. मग ओळख नव्हती हे कशावरून? तर खोट्या शपथा, चोऱ्या, आणि रक्तावर रक्त. संदेष्ट्यानं देवाची ओळख देवळात मोजली नाही, रस्त्यावर मोजली." टाच पूर्ण बाहेर होती. मी पुढच्या गीताचे सूर बोटांखाली धरून तशीच बसले.

आमच्या मंडळीच्या कमिटीचे प्रमुख प्रभाकरअण्णा. औद्योगिक वसाहतीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ सहज रेटत नाही, कारण देवळातले पंखे त्यांनी दिले, माइक त्यांनी दिला, आणि माझी जुनी पेटी बाद झाल्यावर नवी पेटीही त्यांनीच आणून दिली. हसरा माणूस. पाळकसाहेबांना चिडवायचे, "तुमची वर ओळख आहे, आमच्यासाठी जरा शब्द टाका की." त्यांनी कारखान्याला नवं रंगखातं जोडलं, तेव्हा समर्पणाच्या प्रार्थनेला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. मांडव, पेढे, फोटोवाला, सगळा थाट होता.

पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले आणि डोळे मिटायच्या ऐवजी म्हणाले, "इथं काम कोण करणार?"

अण्णांनी मागे हात केला. कामगार भिंतीला लागून उभे होते.

"नावं सांगा," पाळकसाहेब म्हणाले. "ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं नकोत का? अण्णा, तुम्ही सांगा."

अण्णांनी दोन सांगितली, तिसऱ्यावर अडले आणि हसले. "आता हे सगळं मॅनेजर बघतो, पाळकसाहेब." मॅनेजर आला, त्याचीही गाडी पाचव्यावर थांबली. मग पाळकसाहेब स्वतः भिंतीकडे गेले आणि एकेकाला विचारत सुटले. पेढ्यांवर माश्या बसायला लागल्या. फोटोवाला घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, झालं, आता जेवायला तीन वाजणार. एक उंच, काळासावळा माणूस मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. तो अक्कलकोटच्या पलीकडचा, कानडी बोलणारा. रोज मजुरांच्या नाक्यावरून यायचा आणि संध्याकाळी जायचा. पाळकसाहेबांनी आपलं मोडकंतोडकं कानडी काढलं, "हेसरू एनु?" उच्चार इतका विचित्र निघाला की तो माणूस खळखळून हसला. "सिद्राम री," म्हणाला. पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, "सिद्राम." आणि पुढे सरकले.

प्रार्थना त्यांनी नावानिशी केली. अण्णांनी 'आमेन' म्हटलं, पण जेवताना ते पाळकसाहेबांच्या पंगतीला बसले नाहीत.

पुढची गोष्ट सुंदराबाईच्या हाताची. तिचा हात अण्णांच्याच कारखान्यात मशीनमध्ये गेला. अण्णांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, हे खरं आहे आणि सांगितलं पाहिजे. मंडळीनं फळं पाठवली. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. रविवारी तिच्यासाठी प्रार्थना झाली, आणि मी गीत सुरू केलं. मंडळी चांगली रंगात आली होती. दुसऱ्या कडव्यावर पाळकसाहेब वळले. व्यासपीठावरून तोंड माझ्याकडे करून ते कधी बोलत नसत, म्हणून मी दचकले.

"पेटी बंद करा, कुमुदबाई."

मला ऐकू येऊनही खरं वाटेना. त्यांनी पुढे येऊन भात्यावर हात ठेवला. सूर विव्हळल्यासारखा खाली उतरला आणि गाणारी माणसं एकेक करत गप्प झाली.

"सुंदराबाईचा कोणता हात गेला?" त्यांनी मंडळीला विचारलं. "उजवा की डावा?"

कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. "आपण आत्ताच तिच्यासाठी प्रार्थना केली," ते म्हणाले. "फळं पाठवली. घरात कोण गेलं? देवानं आमोस नावाच्या मेंढपाळाच्या तोंडून सांगितलंय की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढनं काढा. मी सांगत न्हाय, त्यो सांगतोय. उपासना संपली. तिचं घर मागल्या चाळीत आहे."

थोडी माणसं गेली. पुष्कळशी घरी गेली, रविवारचं मटण शिजत होतं. मी गेले, पण रागानं गेले. चारचौघांत माझी पेटी बंद केली, हे मला इतकं लागलं की पुढे दोन महिने मी त्यांना फक्त सलाम करत होते, बोलत नव्हते. हात डावा होता. चार बोटं नव्हती. सुंदराबाई खाटेवर उठून बसली आणि आम्हा सगळ्यांना बसायला चटई नाही म्हणून रडली.

तीच सुंदराबाई वर्ष उलटल्यावर एका दुपारी पाळकांच्या बंगल्यात आली. मी पाळकीणबाईंकडे नाताळच्या गीतांच्या वह्या घ्यायला गेले होते. सुंदराबाई दारातच बसली. म्हणाली, "पाळकसायेब, अण्णांच्या रंगखात्यात हौद साफ करायला मानूस उतरवला हुता. वर आलाच न्हाय. मेला. आता म्हनत्यात त्यो आमचा न्हवताच, चोरीला आलता, भिंतीवरनं उडी मारली. सरकारी दवाखान्यात ठिवलाय, बेवारस म्हून. सगळ्यांना म्हाईत हाय. पर ज्याला त्याला प्वाट हाय की. कोन बोलंना."

"नाव काय त्याचं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"सिद्राम असंल. म्या बगितला न्हाय. लोक म्हनत्यात."

ते उठलेच. पाळकीणबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं. त्यांना साखरेचा त्रास होता, भर उन्हात एकटं सोडायचं नव्हतं. म्हणून मी गेले, नाहीतर मला त्या जागी जायचं काही कारण नव्हतं. शवागाराच्या बाहेर व्हरांड्यात मी थांबले. वास येत होता. आत जायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांनीही ये म्हटलं नाही. दार अर्धं उघडं होतं. त्यांची पाठ मला दिसत होती. बराच वेळ ती हलली नाही.

हवालदार वयस्क होता, बोलायला वाईट नव्हता. म्हणाला, "सायेब, बगा नीट. त्वांड सुजलंय, अंगावर निळा रंग चढलाय. दोन दिवस झाले. वळखू यायचं न्हाय."

"मी ओळखतो," पाळकसाहेब म्हणाले. "हा सिद्राम. प्रभाकरअण्णांच्या रंगखात्यात कामाला होता."

"कशावरनं?"

"नाव विचारलं तेव्हा हसला होता. पुढचा दात अर्धा आहे. बघा."

हवालदारानं बघितलं असावं. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "बरं. मयताशी नातं काय?"

"ओळख."

"ओळख हे नातं न्हाय की, सायेब. भाऊ, बाप, चुलता, काय ते सांगा. न्हायतर शेजारी म्हना."

"ओळखच लिहा," पाळकसाहेब म्हणाले. "माझ्याकडं यापेक्षा मोठं नातं न्हाय."

बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा होता. त्यांनी नळाखाली हात धुतले आणि धुतच राहिले. मी पाण्याची बाटली पुढे केली. घेतली नाही. "कुमुदबाई, त्याचे हात निळे झालेत," एवढंच म्हणाले. रिक्षावाल्याला त्यांनी त्या दिवशी नाव विचारलं नाही.

संध्याकाळी अण्णा बंगल्यावर आले. मी पाळकीणबाईंबरोबर आत होते, मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा ओरडले नाहीत. त्यांचा आवाज रडवेला होता, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

"पाळकसाहेब, मॅनेजरनं न विचारता उतरवला त्याला. मला सांगा, मी काय स्वतः ढकलला का? कारखाना बंद पडला तर इतक्या घरांच्या चुली विझतील. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की तोंड सुजलेलं होतं, नक्की सांगता येत नाही. खोटं बोला म्हणत नाही मी. नक्की नाही, एवढंच."

पाळकसाहेबांनी तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला.

"त्याला तुम्ही आयुष्यात एकदा बघितलंत. मला किती वर्षं ओळखता?"

"तेच बसून आठवत होतो," पाळकसाहेब म्हणाले. "तुमच्या घरी किती जेवलो, पोरांचे बाप्तिस्मे केले. अण्णा, त्याची बायको गावाकडं वाट बघत असंल. तिचा नवरा चोर म्हणून मातीत जाणार. तुमी एकदा म्हना, माझा मानूस हुता. मी तुमच्या संगं पोलिसांत येतो, तुमच्या बाजूला उभा राहतो. जे व्हईल ते दोगांचं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बंगला मंडळीचा आहे, पाळकसाहेब," ते म्हणाले. "एवढं ध्यानात असू द्या."

पाळकीणबाईंनी तवा उतरवला आणि भाकरी तशीच परातीत टाकली. म्हणाल्या, "चला, आता भांडी बांधायला काढते." माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्नही केला. मला रडू आलं, त्यांना आलं नाही.

पाळकसाहेबांनी जबाब फिरवला नाही. एकानं नाव घेतल्यावर कारखान्यातल्या आणखी दोघांनी तोंड उघडलं, आणि अण्णांना तो माणूस आपला होता हे कबूल करावं लागलं. सिद्रामची बायको महादेवी गावाहून आली. दगडासारखी बसून होती. पाळकसाहेबांनी गाडी करून दिली, बरोबर गावापर्यंत गेले आणि त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली तोवर बाजूला उभे राहिले. तिथं त्यांनी प्रार्थना म्हटली का, असं मंडळीतल्या एकानं मला खोचून विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच जायचं होतं ऐकायला.

पुढच्या रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा देऊळ भरलेलं होतं. अण्णा पहिल्या बाकावर. मी टाचेकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी दोन्ही चपला काढून बाजूला ठेवल्या.

त्यांनी यिर्मयातला तो राजा घेतला, ज्यानं गंधसरूच्या लाकडाचा मोठा वाडा बांधला आणि राबणाऱ्यांना मजुरी न देता राबवून घेतलं. त्याला देव विचारतो, तुझा बाप राजा नव्हता का? तोही खात-पीत होता. पण त्यानं गरिबाच्या, लाचाराच्या बाजूनं न्याय केला. मला ओळखणं म्हणजे हेच नाही तर काय?

"सबंध पुस्तकात देवानं आपल्या ओळखीचा अर्थ इतका सोपा करून कुठं सांगितला नाही," पाळकसाहेब म्हणाले. "मी तीस-पस्तीस वर्षं हिब्रू शब्द सांगत बसलो. तो शब्द मला परवा दवाखान्यात कळला. मला त्याची भीती वाटली. मला आजही वाटते." मग ते पहिल्या बाकाकडे वळले. "अण्णा, तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. नाव घेऊन करतो."

एवढंच. उपदेश संपला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, मलाही नाही. गीत सुरू करायला हवं होतं. मी पेटीकडे हात नेला आणि त्यांनी मागे न बघता हातानंच नको म्हटलं. उपासनेनंतर ते रिवाजाप्रमाणे दारात उभे राहिले. माणसं बाजूच्या दारानं गेली. सुंदराबाई तेवढी समोरून आली आणि उरलेल्या हातानं तिनं त्यांचा हात धरला.

कमिटीनं त्यांना विश्रांती दिली. हा आमच्याकडचा शब्द आहे, ऐकायला फार मऊ. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, देवळात राजकारण नको, आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. बंगला रिकामा करून ते यंत्रमागांच्या वस्तीत एका खोलीत राहायला गेले. दिवसभर मागांचा खडखडाट, बोलायचं तर ओरडून. पाळकीणबाई म्हणायच्या, आता तरी ह्यांना दुसऱ्यांदा नाव विचारायला कारण मिळालं. मी अधूनमधून जायचे. त्यांच्या तोंडून अण्णांबद्दल वाकडा शब्द मी ऐकला नाही, पण ते उपाशी असल्यासारखे दिसायचे. व्यासपीठावाचून त्यांना झोप लागत नव्हती, हे पाळकीणबाईंनीच मला सांगितलं. दर रविवारी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसून राहायचे आणि दुपारी तो उतरवून ठेवायचे. माणसाला केलेल्या गोष्टीचं समाधान मिळतं असं म्हणतात. मला तरी तिथं ते दिसलं नाही.

शेवटची भेट सांगते. पाळकीणबाई मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. पाळकसाहेब एसटी स्टँडजवळ रस्त्यात कोसळले. खिशात पाकीट नव्हतं, मोबाइल कुणीतरी उचलला. लोकांनी सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं आणि खाटेवर चिठ्ठी लागली, अनोळखी पुरुष. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. नाव विचारलं तर सांगता येत नव्हतं.

मला सुंदराबाईचा निरोप मिळाला आणि मी धावत गेले. वॉर्डात त्यांच्या उशाशी एक बाई बसली होती, सफाईच्या कामाची निळी साडी नेसलेली. ओल्या फडक्यानं त्यांचे हात पुसत होती, बोटांच्या बेचक्यांतून सावकाश. मी तिला ओळखलं नाही. ती महादेवी होती. गावाकडे पोट भरेना म्हणून ती शहरात आली होती आणि ठेकेदाराकडून इथं लागली होती. फरशी पुसता पुसता तिनं खाटेवरचा चेहरा बघितला होता आणि सुंदराबाईला कळवलं होतं.

नर्स कागद घेऊन आली. "पेशंटबरोबर कोण? नातेवाईक कोण आहे?"

"मी हाय," महादेवी म्हणाली.

"तुमचे कोण लागतात?"

महादेवीनं फडकं पिळलं. "वळखीचं मानूस हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा हात पुसायला लागली.

नर्सनं काय लिहिलं मला माहीत नाही. महादेवीनं माझ्याकडे बघितलं. "तुमी कोन?"

"मी देवळात पेटी वाजवायचे," मी म्हटलं.

तिला त्यातून काही कळलं नसावं. पण ती सरकली आणि बाकावर जागा केली. "बसा की. वळखत्यात ते. समद्यांना वळखत्यात. निस्तं बोलता येईना." मग हळूच म्हणाली, "सकाळधरनं त्यो एक हात वर करून तिकडं दावत्यात. पानी दिलं, खिडकी लावली. काय पायजे कळंना झालंय."

मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे इतक्या जवळून, समोरून बघत होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं. डोळे तेच होते, अधीर, थोडे चिडके. त्यांनी डावा हात उचलला. बोट शेजारच्या खाटेकडे होतं. तिथं एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जवळ कुणी नव्हतं. त्याच्याही खाटेवर तीच चिठ्ठी होती.

मी उठले. वाकून म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, नाव काय तुमचं?"

तो काहीतरी पुटपुटला. मी आणखी वाकले आणि दुसऱ्यांदा विचारलं.

"लक्षुमन."

"लक्षुमन," मी मोठ्यानं म्हटलं, मागच्या खाटेवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

वळून बघितलं तेव्हा पाळकसाहेबांनी हात खाली घेतला होता.